उपयोजित गणितातली आंतरराष्ट्रीय संयुक्त मास्टर्स: नव्याने अर्ज करणाऱ्यांसाठी

दोन वर्षं, चार सत्रं, १२० क्रेडिट आणि किमान दोन देश. युरोपातल्या संयुक्त मास्टर्सचा हा साधारण आराखडा. त्यातले सगळ्यांत परिचित अभ्यासक्रम इरास्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेतले. ही योजना २००४ पासून चालू आहे आणि तिच्यात उपयोजित गणिताचे चांगले अभ्यासक्रम आहेत.

गणित अवघड जाणारच, पण त्यासाठी शिक्षक, सहाध्यायी आणि पुस्तकं असतात. विद्यार्थी खरे अडकतात ते एका देशातून दुसऱ्या देशात जाताना: राहण्याचा परवाना आलेला नसतो, एक परीक्षा मागे राहिलेली असते, विम्याचा कागद चुकीचा असतो. म्हणून खालची प्रत्येक पायरी वाचताना पुढच्या सत्राच्या देशाकडे एक डोळा ठेवा.

१. अभ्यासक्रमाचं नाव नको, सत्रवार आराखडा वाचा

नुसत्या नावावरून अंदाज बांधू नका. आल्गांट हा इरास्मस मुंडसमधून पुढे आलेला नामवंत अभ्यासक्रम, पण तो बीजगणित, भूमिती आणि संख्या सिद्धान्ताचा (नंबर थिअरी) आहे. उपयोजित गणित हवं असणाऱ्याने तिथे अर्ज करण्यात अर्थ नाही. इटलीतल्या लाक्विला विद्यापीठाच्या समन्वयाखाली उभा राहिलेला मॅथमॉड्स मात्र अभियांत्रिकीतल्या गणिती मॉडेलिंगचा आहे. त्याची रचना सिद्धान्त, मग संख्यात्मक पद्धती, मग उपयोजन अशी आहे.

आराखडा वाचताना चार गोष्टी शोधा:

- कोणतं सत्र कोणत्या देशात, आणि तिसऱ्या सत्राचा देश तुम्ही निवडता की समन्वय समिती ठरवते?
- शेवटी हातात काय पडतं? सगळ्या विद्यापीठांची मिळून एकच पदवी, की प्रत्येकाची वेगळी? दोन्ही वैध असतात, पण वेगवेगळ्या पदव्या असतील तर प्रत्येक विद्यापीठाच्या अटी स्वतंत्रपणे पूर्ण कराव्या लागतात.
- प्रबंध किती क्रेडिटचा? ३० असेल तर चौथं सत्र पूर्ण त्यालाच जातं.
- तुमच्या तुकडीसाठी शिष्यवृत्त्या नक्की आहेत का? प्रत्येक अभ्यासक्रमाला ठरावीक वर्षांसाठी अनुदान मिळतं. ते संपलं की अभ्यासक्रम चालू राहिला तरी शिष्यवृत्त्या राहतीलच असं नाही.

यातला चौथा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

२. अर्जाआधी आपलं गणित तपासा

पहिल्या सत्रात साधारणपणे फंक्शनल अ‍ॅनालिसिस, आंशिक डिफरन्शियल इक्वेशन्स आणि डायनॅमिकल सिस्टिम्स समोर येतात. वर्गात गणिताचे, भौतिकशास्त्राचे आणि अभियांत्रिकीचे पदवीधर एकत्र बसतात, त्यामुळे प्रत्येकाची उणीव वेगळी असते. अभियांत्रिकीवाल्यांना बहुधा एप्सिलॉन-डेल्टाच्या सिद्धता, एकविध अभिसरण (युनिफॉर्म कन्व्हर्जन्स) आणि पूर्ण अवकाश (कम्प्लीट स्पेस) ही संकल्पना भारी जाते. शुद्ध गणितवाल्यांना प्रोग्रॅमिंग. दोघांनाही लिनिअर अल्जेब्रा पुरेसं येतं असं वाटत असतं आणि सिंग्युलर व्हॅल्यू डिकम्पोझिशनपाशी गाडी अडते.

संख्यात्मक बाजू कितपत पक्की आहे हे एका दुपारी तपासता येतं. ० ते १ या अंतरावर, दोन्ही टोकांना शून्य असणारं असं फल घ्या की त्याचा दुसरा डेरिव्हेटिव्ह, चिन्ह बदलून, दिलेल्या उजव्या बाजूइतका असेल. उजवी बाजू अशी निवडा की खरं उत्तर साइन(पाय·एक्स) येईल. आता सेंट्रल डिफरन्स वापरून पायथनमध्ये सोडवा. बिंदूंमधलं अंतर ०.१ असताना सर्वांत मोठी चूक सुमारे ०.००८३ यायला हवी, ०.०५ ला ०.००२१ आणि ०.०२५ ला सुमारे ०.०००५. अंतर निम्मं केलं की चूक एक चतुर्थांश. चूक नुसती निम्मी होत असेल तर सगळ्यांत आधी अंतर तपासा: आतले बिंदू ‘एन’ असतील तर अंतर १ भागिले (एन + १) असतं. १ भागिले एन लिहिलं की उत्तर आलेखावर बरोबर दिसतं, पण अचूकतेची एक पायरी गेलेली असते.

मग तेच गणित थोडं बदला. डाव्या टोकाला फलाची किंमत न देता त्याचा उतार शून्य द्या आणि खरं उत्तर कोसाइन(पाय·एक्स भागिले २) असू द्या. उतारासाठी दोन बिंदूंचा एकतर्फी फरक वापरला तर आतली सगळी आकडेमोड दुसऱ्या क्रमाची असूनही एकूण चूक पहिल्या क्रमाची होते. टोकाबाहेर एक काल्पनिक बिंदू घेऊन सीमेवर सेंट्रल डिफरन्स लावला की दुसरा क्रम परत मिळतो. हीच चाचणी साइनवर केली असती तर दोष दिसलाच नसता, कारण साइनचा दुसरा डेरिव्हेटिव्ह टोकांना शून्य असतो आणि चुकीतलं मुख्य पद आपोआप गळून जातं. चाचणीचं उदाहरण विचारपूर्वक निवडावं लागतं, हे इतक्या छोट्या गणितातही कळतं. दुसऱ्या सत्रातल्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तुमच्याकडून नेमकी हीच दृष्टी अपेक्षित असते.

हे जमलं तर त्याच समीकरणाचं वीक फॉर्म हाताने काढा: टेस्ट फंक्शनने गुणा, खंडशः इंटिग्रेशन करा आणि सीमेवरचं पद का गेलं ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता आलं तर फायनाइट एलिमेंटचा पहिला महिना सोपा जाईल.

साधनांपैकी पायथन (नमपाय आणि सायपायसह), लाटेक (गणिती मजकूर लिहायला) आणि गिट (कोडच्या आवृत्त्या जपायला) एवढं आधी शिकून जा. मॅटलॅब विद्यापीठात मिळतं, त्यासाठी आधी पैसे घालू नका.

३. कागदपत्रं: यादी लहान, वेळ मोठा

अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत स्वीकारले जातात, निकाल वसंतात लागतात आणि वर्ग सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतात. म्हणजे ज्या वर्षी जायचं त्याच्या आदल्या वर्षीच्या जुलैपासून कागद जमवायला लागा.

- पासपोर्ट. मुदत अभ्यासक्रम संपल्यानंतरही काही महिने उरेल असा. मधेच नूतनीकरण आलं तर परवान्याचं काम दुप्पट होतं.
- पदवी प्रमाणपत्र. शेवटच्या वर्षाला असाल तर पदवी कधी मिळणार याचं विद्यापीठाचं पत्र.
- सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि गुणदानाची पद्धत सांगणारं पान.
- विषयवार अभ्यासक्रम: प्रत्येक गणिती विषयाचे तास आणि घटक, एकेका परिच्छेदात.
- इंग्रजीचं प्रमाणपत्र. परीक्षेची तारीख आणि निकालाची तारीख यांतलं अंतर धरून नोंदणी करा.
- युरोपास या युरोपीय संघाच्या ठरावीक नमुन्यातला जीवनवृत्तांत, हेतुपत्र, दोन शिफारसपत्रं.
- राहण्याच्या पत्त्याचा पुरावा, जिथे मागितला असेल तिथे.

गुणदानाचं पान आणि विषयवार अभ्यासक्रम यांना कमी लेखू नका. निवड समितीला ‘गणित ३’ या नावावरून काहीच कळत नाही. त्यात मेझर थिअरी होती की फूरिये मालिका, हे तुम्हीच दाखवायचं. गुणदानाची पद्धत जोडली नाही तर तुमच्या विद्यापीठात ७० टक्के म्हणजे वरचा वर्ग असला तरी वाचणाऱ्याला तो मध्यम वाटू शकतो.

मूळ कागदांवर अपोस्टिल (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि अधिकृत भाषांतर बहुधा प्रवेशानंतर लागतं. पण त्याला आठवडे जातात, म्हणून निवडीची खबर येताच ते काम हातात घ्या.

४. हेतुपत्र आणि शिफारसपत्रं

हेतुपत्र एक ते दीड पान पुरे. त्यात तीन गोष्टी स्पष्ट याव्यात: आजवर तुम्ही कोणतं गणित खोलात केलं (प्रोजेक्टचं समीकरण, पद्धत, निकाल), या अभ्यासक्रमातलं कोणतं सत्र किंवा शाखा तुम्हाला का हवी, आणि त्यापुढे काय करायचं आहे. ‘लहानपणापासून गणिताची आवड’ हे वाक्य कापा. त्या जागी तुम्ही सोडवलेल्या एका प्रश्नाचं नेमकं वर्णन आलं तर पत्र लगेच वेगळं उठून दिसतं. आणि तिसऱ्या सत्रासाठी ज्या शहराचं नाव लिहाल, तिथे ती शाखा खरोखर शिकवली जाते ना, हे पुन्हा एकदा पाहा. एका अभ्यासक्रमासाठी लिहिलेलं पत्र दुसऱ्याला पाठवलं की चूक इथेच उघडी पडते.

शिफारस मोठ्या पदावरच्या व्यक्तीकडून घेण्यापेक्षा ज्यांनी तुम्हाला गणिताचा विषय शिकवला किंवा प्रोजेक्ट दिला त्यांच्याकडून घ्या. त्यांना किमान ४ आठवडे द्या, सोबत गुणपत्रिका, हेतुपत्राचा मसुदा आणि अंतिम तारीख पाठवा. बऱ्याच ठिकाणी पत्र त्यांनीच थेट चढवायचं असतं आणि दुवा असलेली ईमेल स्पॅममध्ये जाते. अर्ज पूर्ण दिसतो, पत्र मात्र पोचलेलं नसतं. मुदतीच्या आठवडाभर आधी खात्री करून घ्या.

५. निकाल आणि पैसे

इरास्मस मुंडसच्या सध्याच्या नियमांप्रमाणे शिष्यवृत्ती दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, म्हणजे एकूण ३३,६०० युरो. शुल्क भरावं लागत नाही आणि विमा अभ्यासक्रमाकडून मिळतो. प्रवास, व्हिसा, घराची अनामत आणि खाणंपिणं हे सगळं मात्र याच रकमेतून. जुन्या नियमांत प्रवासाचे वेगळे पैसे असत, त्यामुळे जुनी माहिती वाचून हिशेब करू नका.

पहिला हप्ता तुम्ही तिथे पोचून नोंदणी झाल्यावर आणि युरोपीय बँक खातं उघडल्यावरच येतो. त्याला काही आठवडे लागतात. दोन महिन्यांचा खर्च आणि घराची अनामत एवढी रक्कम सोबत असू द्या.

नाव राखीव यादीत असेल तर धीर धरा आणि समन्वयकांना एकच नेमकी ईमेल लिहा: मी अजून इच्छुक आहे, अमुक तारखेपर्यंत कळलं तर व्हिसाला वेळ पुरेल. मुख्य यादीतले काही जण दरवर्षी दुसरीकडे जातात आणि यादी सरकते. स्वखर्चाने येण्याचा देकार आला तर शुल्कासोबत प्रत्येक देशाच्या व्हिसासाठी दाखवायची रक्कमही मोजा. जर्मनीत हीच रक्कम गोठवलेल्या खात्यात वर्षाला ११,९०४ युरो अशी दाखवावी लागते. शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर त्यानेच भागतं.

६. पहिला देश: पोचल्यावरचे पहिले आठवडे

सुरुवात इटलीत असेल तर व्हिसाआधी युनिव्हर्सइटली या पोर्टलवर पूर्वनोंदणी करावी लागते. इटलीत पाऊल ठेवल्यापासून ८ कामकाजी दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज टपाल कार्यालयातून द्यायचा असतो. त्यावर १६ युरोचं मुद्रांक लागतं, बोटांचे ठसे द्यायची तारीख मिळते आणि हातात पावती येते. ती पावती मूळ रूपात जपा, फोटोवर भागत नाही. कर क्रमांक, म्हणजे कोदिचे फिस्काले, लगेच काढा. घराचा करार, फोन आणि बँक सगळं त्यावर अडतं.

इतर देशांची घाईही माहीत असू द्या. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो. ऑस्ट्रियात तीच मुदत ३ दिवसांची. फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा आल्यापासून ३ महिन्यांत ऑनलाइन पडताळून घ्यावा लागतो, नाहीतर मुक्काम बेकायदा ठरतो. स्पेनमध्ये ओळखपत्राचा अर्ज महिन्याभरात.

घर शोधताना, न पाहता आणि करार न होता पैसे पाठवू नका. जाहिरातीतलं जर्मन भाडं बऱ्याचदा ‘थंड’ असतं, म्हणजे हीटिंग व इतर खर्च सोडून. अनामत कायद्याने अशा तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. विद्यापीठाची वसतिगृहं स्वस्त, पण रांग लांब. प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात अर्ज टाका, आणि दुसऱ्या सत्राच्या शहरातही तेव्हाच टाका.

७. दुसऱ्या देशात जाताना: इथे सर्वाधिक घोटाळे होतात

युरोपीय संघाच्या २०१६/८०१ या निर्देशानुसार एका सदस्य देशाचा विद्यार्थी परवाना असणाऱ्याला, त्याचा अभ्यासक्रम देशोदेशींच्या विद्यापीठांमधल्या देवाणघेवाणीचा भाग असेल तर, दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत शिकता येतं. जर्मनीत यासाठी नवा व्हिसा न काढता यजमान विद्यापीठाने स्थलांतर कार्यालयाला कळवायचं असतं. डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशात नाहीत.

ऐकायला सोपं वाटतं, पण तीन अटींवर गाडी अडते. हातात प्रत्यक्ष परवाना हवा, पावती नव्हे. व्हिसाची मुदत संपल्यावर नुसत्या पावतीवर दुसऱ्या शेंगेन देशात जाताही येत नाही. परवान्याची मुदत दुसऱ्या देशातल्या मुक्कामाच्या शेवटापर्यंत हवी. आणि तुमचा अभ्यासक्रम देवाणघेवाणीचा आहे हे अर्जातच दिसायला हवं. पहिल्या परवान्याच्या अर्जाला समन्वयकांचं, सत्रवार देश नमूद केलेलं पत्र जोडा. ते नंतर जोडायला गेलात तर नव्याने रांग.

इटलीतला परवाना यायला महिने लागतात आणि पहिलं सत्र जेमतेम पाच महिन्यांचं. म्हणून नोव्हेंबरमध्येच दोन वाटा समांतर चालवा. ठशांची तारीख उशिराची मिळाली असेल तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाला ती अलीकडे आणता येते का ते विचारा. सोबतच दुसऱ्या देशाच्या इटलीतल्या वकिलातीला लेखी विचारा: पावतीवर राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज घेता का? उत्तर ‘नाही’ असं आलं तर मधल्या सुट्टीत मायदेशी जाऊन अर्ज करणं हाच मार्ग उरतो, आणि त्याची भेटीची वेळ डिसेंबरमध्येच घ्यावी लागते.

विम्याचंही असंच. जर्मन विद्यापीठात नाव नोंदवण्यासाठी तिथल्या सार्वजनिक विमा कंपनीने विद्यापीठाला तुमची स्थिती कळवावी लागते: विमाधारक किंवा विम्यातून मुक्त. शिष्यवृत्तीचा विमा आहे म्हणून मुक्ती मागितली तर त्या शिक्षणाच्या काळात पुन्हा सार्वजनिक विम्यात येता येत नाही. सही करण्याआधी प्रबंधाचं सत्र कुठे असणार याचा विचार करा.

एक दिलासा वेळापत्रकातच आहे. इटलीच्या परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत होतात आणि जर्मनीतले वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात. मार्च मोकळा असतो. तो राहिलेल्या परीक्षेला आणि घर शोधायला ठेवा.

८. परीक्षा, गुण आणि त्यांचं रूपांतर

एका सत्राचे ३० क्रेडिट, म्हणजे ६ क्रेडिटचे धरले तर पाच विषय. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, म्हणजे सत्राला किमान ७५० तास.

इटलीत गुण ३० पैकी, उत्तीर्ण १८. तोंडी परीक्षा फार ठिकाणी असते: फळ्यापाशी उभं राहून सिद्धता लिहायची आणि ‘ही अट काढली तर काय बिघडेल?’ याचं उत्तर द्यायचं. त्यासाठी प्रत्येक प्रमेयासोबत एक प्रतिउदाहरण तयार ठेवा. फ्रान्समध्ये २० पैकी १०, स्पेनमध्ये १० पैकी ५. जर्मनीत उलटं: १.० सर्वोत्तम, ४.० जेमतेम उत्तीर्ण, ५.० नापास. पोलंडमध्ये मात्र ५ सर्वांत वर आणि २ म्हणजे नापास. एकाच गुणपत्रिकेवर हे सगळं आलं की गोंधळ होतोच.

रूपांतरासाठी जर्मनीत एक सूत्र सर्रास वापरतात: सर्वोच्च गुणातून मिळालेले गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, ३ ने गुणा आणि १ मिळवा. इटलीतले २७ म्हणजे १.७५, आणि २४ म्हणजे २.५. प्रत्येक अभ्यासक्रमाचं स्वतःचं कोष्टक असू शकतं, ते पहिल्याच महिन्यात मागून घ्या.

जर्मनीत परीक्षेची नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते. तारीख चुकली तर वर्षभर अभ्यास केलेला असला तरी परीक्षेला बसता येत नाही. प्रयत्नांची संख्याही मर्यादित असते. इटलीत तुलनेने सैल वातावरण असतं, म्हणून तिथली सवय घेऊन जर्मनीत येणारे इथे ठेचकाळतात. पहिल्या देशात एखादा विषय मागे राहिला तर निघण्याआधी संबंधित शिक्षकांकडून लेखी घ्या: पुढची परीक्षा कधी, आणि दूरस्थ देता येईल का.

९. तिसरं सत्र आणि प्रबंध

प्रबंधाचा मार्गदर्शक तिसऱ्या सत्राच्या नोव्हेंबरपर्यंत ठरलेला असावा. विषय विचारायला जाताना दुसऱ्या सत्रातला एखादा चालणारा कोड आणि दोन पानांचा अहवाल दाखवा, नुसती ‘मला मशीन लर्निंग आवडतं’ ही इच्छा नको. दुहेरी पदवी असेल तर दुसऱ्या विद्यापीठातला सहमार्गदर्शकही लागू शकतो. त्याचं नाव प्रबंधाच्या अर्जाआधी नक्की करा.

कंपनीत प्रबंध करायचा तर गोपनीयतेचा करार आधी विद्यापीठाला दाखवा. डेटा छापता येत नसेल तर प्रबंधात निकाल कसे दाखवणार, हे सुरुवातीलाच ठरलेलं बरं. उद्योगातले प्रश्न जवळून पाहायचे असतील तर युरोपीय उद्योग-गणित संघटना ईसीएमआय दरवर्षी मॉडेलिंग वीक घेते. आठवडाभर आंतरराष्ट्रीय गटात एका खऱ्या प्रश्नावर काम करायला मिळतं. संधी मिळाली तर सोडू नका.

१०. प्रत्येक देश सोडताना

निघण्याआधी सही-शिक्क्याची गुणपत्रिका घ्या आणि अभ्यास करारातले (कोणते विषय घ्यायचे हे आधी ठरवणाऱ्या कागदातले) विषय तिच्याशी ताडून पाहा. एखाद्या विषयाचा कोड बदललेला असला की शेवटी क्रेडिट कमी भरतात. जर्मनीत पत्त्याची नोंद रद्द करा आणि रेडिओ-टीव्हीचं प्रसारण शुल्कही स्वतंत्रपणे बंद करा. ते घरटी दरमहा १८.३६ युरो असतं आणि तुम्ही गेल्यावरही नोटिसा येत राहतात. अनामत परत यायची असेल तर तिथलं बँक खातं ती जमा होईपर्यंत चालू ठेवा.

पदवीचा मूळ कागद यायला काही महिने जाऊ शकतात. तोवर नोकरी किंवा पीएचडीच्या अर्जासाठी पदवी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आणि डिप्लोमा सप्लिमेंट (पदवीत काय शिकलात हे सांगणारी पुरवणी) मागून घ्या. पदवीवर अपोस्टिल ज्या देशाने ती दिली त्याच देशात होतं. पदव्या दोन असतील तर काम दोन ठिकाणी, त्यामुळे कुणाला अधिकारपत्र देऊन ठेवायचं ते निघण्याआधी ठरवा.